पदव्युत्तर विद्यार्थ्याची दिनचर्या : तबला माळ्यावर टाकू नका

वाचकहो, आज माझ्या हातून दिल्या गेलेल्या एका चुकीच्या सल्ल्याविषयी लिहितो आहे. ज्या मुलाची ही हकीकत आहे त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

दोन वर्षांपूर्वीचा आषाढ. आमच्या पेठेतल्या एका भुसार दुकानदारांचा मुलगा पुण्याहून दोन दिवसांसाठी घरी आला होता. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. करीत होता, दुसरे वर्ष नुकतेच सुरू झाले होते. पोटात जळजळ होते, करपट ढेकरा येतात, अशी तक्रार घेऊन आई त्याला दवाखान्यात घेऊन आली. मी पोट तपासले, आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. निघता निघता आईने सहज म्हटले, "डॉक्टरसाहेब, जरा समजावून सांगा याला. एवढा मोठा अभ्यास, आणि हा रोज तासभर तबला बडवत बसतो म्हणे."

दवाखान्याबाहेर वीस पेशंट बसले होते. मी प्रिस्क्रिप्शनवरून नजरही न उचलता म्हणालो, "अरे, एक वर्षाचा तर प्रश्न आहे. तबला माळ्यावर टाक. आधी डिग्री, मग छंद."

मुलगा आज्ञाधारक. त्याने खरोखरच तबला घरी आणून माळ्यावर टाकला.

दिवाळीला तो पुन्हा आला तेव्हा मी त्याला चटकन ओळखले नाही. वजन सहा किलोने उतरले होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. आईचे म्हणणे एवढेच, "याला एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या."

चोवीस तासांचा हिशेब

या वेळी मी आईला बाहेर बसायला सांगितले आणि त्याच्याकडून एका दिवसाचा हिशेब मागितला. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करतोस, ते घड्याळाप्रमाणे सांग म्हटले.

तो सकाळी नऊला उठे. नाश्ता न करता, नुसता चहा पिऊन साडेनऊला कॉलेजात जाई. दुपारपर्यंत लेक्चर्स, त्यानंतर प्रयोगशाळा. प्रयोग मध्येच सोडता येत नाही म्हणून दुपारचे जेवण चार वाजता, तेही वडापाव किंवा बिस्किटे. रात्री मेसचे जेवण, त्यात भात जास्त आणि वरण पातळ. दूध-दही जवळजवळ नाहीच. मग रात्री दोन-अडीचपर्यंत लॅपटॉपसमोर. झोप येऊ नये म्हणून दहा वाजता कडक कॉफी. अंथरुणावर पडल्यावर अर्धा-पाऊण तास मोबाइल. झोप लागायला तीन वाजत, आणि साडेपाचला पुन्हा जाग येई ती येईच. मग नऊपर्यंत नुसते पडून राहायचे.

"आणि तबला?" मी विचारले.

"तुम्हीच सांगितलं होतं ना, काका."

"मग तो वाचलेला तास अभ्यासात गेला का?"

तो थोडा वेळ गप्प बसला. "नाही. त्या वेळात मोबाइल बघतो. वाजवावंसंही वाटत नाही आता. तीन महिन्यांपासून माझा प्रयोग सारखा फसतो आहे. मला वाटतं, मीच यासाठी लायक नाही."

हे ऐकल्यावर टॉनिकचा विषय संपला. मी त्याला सरळ विचारले, "जगू नये असे विचार मनात येतात का?" त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "झोपलो तर परत उठूच नये, असं कधीकधी वाटतं."

वाचकहो, असा प्रश्न विचारला तर नसलेला विचार मनात भरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती खरी नाही. विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. त्या मुलाला चार महिन्यांत हे कुणी विचारले नव्हते, आणि त्यात मीही आलो.

औषध कशाला, दिनचर्या कशाला?

मी त्याच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ठीक होते, बी-12 जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. शाकाहारी मुलाचे मेसमध्ये दूध-दही सुटले की ते हळूहळू कमी होत जाते. त्याची इंजेक्शने सुरू केली. पण त्याचा मुख्य आजार नैराश्याचा होता. त्याच दिवशी त्याच्या वडिलांना बोलावून सगळे समजावले, मुलाला एकटे ठेवू नका म्हणून सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झाले. या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. तबला सोडला म्हणून त्याला नैराश्य आले, असे मी म्हणणार नाही. अशा आजाराला अनेक कारणे असतात. छंद हे नैराश्यावरचे औषधही नव्हे. पण अपुरी झोप, वेळी-अवेळी खाणे, एकटेपणा आणि हातून काहीच न घडल्याची भावना या चार गोष्टी एकत्र आल्या की मन खचायला जमीन तयार होते. त्यातली निदान एक गोष्ट रोखून धरणारा आधार मी काढून घेतला होता.

झोप म्हणजे खतावणी

मुलाच्या वडिलांना वाटे, रात्री दोनपर्यंत जागतो म्हणजे अभ्यासू आहे. त्यांना मी त्यांच्याच दुकानातले उदाहरण दिले. दिवसभर तुम्ही कच्च्या वहीत नोंदी करता, दुकान बंद झाल्यावर त्या खातेवहीत उतरवता. ही खतावणी केलीच नाही, तर आठवड्याने कुणाकडे किती बाकी आहे हे सांगता येईल का? मेंदूचेही तसेच आहे. दिवसा वाचलेले हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या साहाय्याने तात्पुरते टिपले जाते. झोपेत, विशेषतः गाढ झोपेत, त्यातले महत्त्वाचे पक्के होते. झोप तोडून केलेले वाचन म्हणजे खतावणी न झालेली कच्ची वही होय.

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. कॉफीचेही गणित समजून घ्या. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफीन पहाटे तीन वाजताही अंगात असते. त्यामुळे दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. उठण्याची वेळ मात्र सुटीच्या दिवशीही एकच ठेवावी. झोपेचे घड्याळ उठण्याच्या वेळेवर लागते.

छंद काय करतो?

पदवीपर्यंतच्या अभ्यासाला परीक्षा असते, निकाल असतो. पुढच्या संशोधनाच्या अभ्यासाचे तसे नाही. महिनोन् महिने प्रयोग करूनही हाती काही लागत नाही, आणि त्यात विद्यार्थ्याची चूक असतेच असे नाही. अशा दिवसांत संध्याकाळी तीनतालातला एखादा कायदा स्वच्छ वाजला, तर आज एक गोष्ट पुरी झाली एवढे तरी मनाला कळते. ज्याची ओळख केवळ "एम.एस्सी.चा विद्यार्थी" एवढीच असते, त्याचा प्रयोग फसला की तो संपूर्ण माणूसच फसल्यासारखा होतो. जो तबलाही वाजवतो, त्याला उभे राहायला दुसरी जागा असते.

शिवाय हात आणि कान दुसऱ्या कामात गुंतले की डोक्यातला अडलेला प्रश्न पाठीमागे मुरत राहतो. रात्री न सुटलेले गणित सकाळी आंघोळ करताना सुटल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

मोठ्या शास्त्रज्ञांनी छंद सोडले नव्हते. सत्येंद्रनाथ बोस एसराज वाजवीत. होमी भाभा चित्रे काढीत. स्पेनमधले सांतियागो रामोन इ काहाल यांना लहानपणी चित्रकार व्हायचे होते. डॉक्टर वडिलांनी त्यांना वैद्यकाकडे वळवले. पण त्यांनी पेन्सिल टाकली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या मज्जापेशी त्यांनी कागदावर उतरवल्या, आणि 1906 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळवले. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर 1974 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. तरीही त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी टोपणनावाने विज्ञानकथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. छंदामुळे ही माणसे मोठी झाली असे नव्हे. पण छंदामुळे त्यांचे काम अडले नाही, एवढे तर खरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2019 मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांच्या संबंधाचा अहवाल काढला. मन आणि शरीर दोहोंच्या आरोग्याला कलांची मदत होते, असाच त्याचा सूर आहे.

मात्र मोबाइलवर बोट फिरवीत बसणे हा छंद नव्हे. छंदात आपल्या हातून काहीतरी घडावे लागते. मग ती रांगोळी असो, भरतकाम असो, ओवी-अभंग म्हणणे असो, की रोज अर्धे पान लिहिणे असो.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

या मुलाला मी जे लिहून दिले, तेच इथे देतो.

सकाळी काहीतरी खाऊनच बाहेर पडावे. पोहे, उपमा, भाकरी, काहीही चालेल. प्रयोगशाळेच्या पिशवीत फुटाणे, शेंगदाणे आणि एखादे केळे ठेवावे. दूध, ताक किंवा दही रोज हवे. मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने ते चांगले शोषले जाते.

पडद्यावर काम करताना दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि पापण्या मिटाव्यात. पडद्याकडे टक लावली की आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालावे.

झोपण्यापूर्वी वही मिटून, आज काय शिकलो ते आठवून अर्धे पान लिहावे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून लिहिलेले जास्त टिकते.

आणि आवडीच्या गोष्टीला रोज अर्धा तास द्यावा. वसतिगृहात तबला ठेवायला जागा नव्हती, शेजाऱ्यांची झोपमोड होईल ही अडचणही होती. त्यावर या मुलानेच तोड काढली. तो जिन्यात बसून हाताने टाळी-खाली देत बोलांची पढंत करू लागला. रविवारी मात्र गुरुजींकडे जाऊन प्रत्यक्ष वाजवायचे.

घरच्यांनी काय ओळखावे?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदासी, झोप उडणे किंवा फार झोपणे, भूक मरणे, आवडीच्या गोष्टीतही रस न वाटणे, मित्रांना टाळणे, "मी निरुपयोगी आहे" असे बोलणे ही लक्षणे दिसली, तर नाटक किंवा आळस समजू नका. डॉक्टरांकडे न्या. मरणाची भाषा ऐकू आली तर दोन आठवडेही थांबू नका. केंद्र शासनाने 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते.

लांब राहणाऱ्या मुलाला फोन केला की "अभ्यास कसा चाललाय?" हा पहिला प्रश्न नको. "आज काय जेवलास? काल किती वाजता झोपलास?" हे आधी विचारा. या मुलाचे वडील आता "या रविवारी काय वाजवलंस?" असेही विचारतात. त्यांना तालातले काही कळत नाही, पण मुलगा पाच मिनिटे बोलत राहतो.

मुलगा एम.एस्सी. झाला. एक सहामाही उशिरा झाला, पण झाला. गोळ्या तज्ज्ञांनी टप्प्याटप्प्याने बंद केल्या. गेल्या गुढीपाडव्याला तो पेढे घेऊन आला, तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो संकोचला. मग मी त्याला सांगितले, की 1989 साली एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला असताना मलाही कुणीतरी हाच सल्ला दिला होता. मी चित्रे काढीत असे. रंगपेटी ट्रंकेत गेली ती गेलीच. स्वतःला मिळालेला सल्ला मी विचार न करता पुढे ढकलला होता.

आता पेशंटला नाडी, रक्तदाब आणि झोप विचारून झाल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारतो. आवडीचं काय करता? उत्तर "पूर्वी करायचो" असे आले, की कागदावर त्याची नोंद करतो आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारतो.