तोंड वाकडं नाही, तरी लकवाच

लकवा म्हटलं की आपल्याला वाकडं तोंड आणि लुळा हात आठवतो. पण कधी माणूस सकाळी नुसतं उठतच नाही. हाक मारली की डोळे किलकिले करून पुन्हा झोपतं. घरचे म्हणतात, साखर उतरली असेल. शेजारी म्हणतात, रात्री जास्त घेतली असेल!

मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमसची जोडी असते. जाग आणि आठवण यांचा बराच कारभार तिच्याकडे. बहुतेकांत दोन्ही बाजूंना रक्त वेगवेगळ्या वाहिन्यांतून जातं. काहींत मात्र एकच बारीक वाहिनी दोन्हीकडे फुटते. एका चारीवर दोन शेतं, तसं. फ्रेंच संशोधक जेरार पेर्शरों यांनी १९७३ मध्ये तिचं वर्णन केलं. ती तुंबली की दोन्ही शेतं एकदम सुकतात.

सुरुवातीचा सीटी स्कॅन पुष्कळदा स्वच्छ येतो आणि घोटाळा तिथंच होतो. खूण बऱ्याचदा डोळ्यांत असते: नजर वर-खाली वळत नाही. मग एमआरआय हवाच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि शिरपूरहून धुळं गाठायलाच तासभर जातो. साखर जरूर तपासा. ती ठीक निघाली तर झोप उतरायची वाट पाहू नका. माणूस शेवटचं धडधाकट कधी दिसलं, ती वेळ डॉक्टरांना सांगा. तास तिथपासून मोजतात.