घाटाच्या वाटेवर अडलेले बंदर : कारवार

काळी नदी अरबी समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिणेला कारवार वसले आहे. उत्तरेला पंधराएक किलोमीटरवर गोव्याची हद्द लागते, पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. शहराच्या दक्षिणेकडून डोंगराची एक सोंड समुद्रात शिरते आणि तिच्या आडोशाला बैतखोलचे बंदर आहे. समोर कुर्मगड, देवगड, मदलिंगगड ही बेटे आहेत, थोडे दक्षिणेला अंजदीव आहे. नैऋत्येचा वारा पिसाळतो तेव्हाही गलबतांना इथे आसरा मिळतो. कोकण-कानडा किनाऱ्यावर असे निसर्गाने घडवलेले बंदर क्वचितच सापडते, त्यामुळे दर्यावर राज्य करू पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर इथे गेली. हे बंदर कोणाच्या हद्दीत असावे याचा वादही तितकाच जुना आहे.

वास्को द गामाची जहाजे १४९८ मध्ये अंजदीवला थांबली होती. पोर्तुगीजांनी १५०५ मध्ये तिथे किल्ला बांधला आणि वर्षभरातच तो सोडून दिला. याच बेटाचा मुंबईच्या इतिहासाशीही संबंध आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला मिळालेली मुंबई ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन १६६२ मध्ये फौज घेऊन आले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मुंबई द्यायला नकार दिला, तेव्हा ती फौज अंजदीववर उतरली. रोगराईने आणि हालअपेष्टांनी तिच्यातले बहुतेक सैनिक तिथेच मेले, शिपमनही गेले. उरलेल्या मूठभर लोकांनी फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला.

त्याच महिन्यात शिवाजी महाराज कारवारला आले. बसरूरची मोहीम आटोपून, गोकर्णाला समुद्रस्नान करून ते अंकोल्यामार्गे इथे पोचले. बंदर तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीकडे होते आणि नदीकाठच्या कडवाडजवळ इंग्रजांची वखार होती. ही वखार १६३८ च्या सुमारास कोर्टीन या इंग्रज व्यापाऱ्याच्या मंडळीने उघडली होती. घाटावरच्या हुबळीकडून येणारी तलम मलमल आणि मिरी या मालासाठी ती चालत असे. महाराज येत असल्याची बातमी लागताच इंग्रजांनी रोकड आणि मौल्यवान माल नदीत उभ्या असलेल्या मस्कतच्या एका जहाजावर चढवला. नेमका त्याच वेळी विजापूरचा सरदार शेरखान गावात येऊन थांबला होता. त्यामुळे गावावर हल्ला झाला नाही, पण व्यापाऱ्यांना वर्गणी काढून खंडणी भरावी लागली. तिच्यात इंग्रजांचा वाटा ११२ पौंडांचा होता. शेरखानाने आपली होळीची शिकार बिघडवली, असे म्हणत महाराज नाराजीने परतले, अशी नोंद वखारीच्या कागदांत आहे. शत्रूच्या कागदात सापडलेले हे वाक्य त्या काळचा दरारा पोवाड्यांइतक्याच स्पष्टपणे सांगते. पुढे १६७५ मध्ये फोंड्यापाठोपाठ हा मुलूख स्वराज्यात आला.

नदीच्या उत्तर तीरावर, समुद्राकडे तोंड करून सदाशिवगडाची टेकडी आहे. तिच्या परिसरातले दुर्गादेवीचे देऊळ आणि पिराचा दर्गा या दोन्ही ठिकाणी सर्व जातिधर्मांचे लोक जातात. महाराजांनी १६६५ च्या स्वारीत इथल्या देवीच्या पुजाऱ्याला आपली तलवार दिली, अशी कथा परिसरात घरोघरी सांगितली जाते. आज दिसणारा गड मात्र त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, १७१५ च्या सुमारास, सोंद्याच्या राजाने बांधला. सदाशिव हे नाव त्याच राजघराण्यातले. तेव्हा तलवारीची कथा जोडायचीच तर ती देवीशी आणि टेकडीशी जोडावी, तटबंदीशी जोडू नये. पुरावा नसला तरी कथा टिकून आहे, कारण महाराज इथून गेले होते हे खरे आहे आणि त्या वाटेची एखादी खूण जपावी असे लोकांना वाटते. गडाची अवस्था या श्रद्धेला शोभणारी नाही. महामार्ग टेकडी कापून गेला, बुरुजांवर झाडोरा माजला. इतक्या हातांतून गेलेल्या किल्ल्याला यापेक्षा अधिक जपणूक मिळायला हवी.

गड बांधल्यानंतरची ऐंशीएक वर्षे सत्तांतरांत गेली. सोंदेकर, मराठे, पोर्तुगीज आणि म्हैसूरचा हैदर यांनी आळीपाळीने हा किनारा घेतला किंवा लुटला, इंग्रजांनी वखार कधी उठवली, कधी परत मांडली. हैदरचा मुलगा टिपू १७९९ मध्ये पडल्यावर हा भाग ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि मद्रास इलाख्याला जोडला गेला.

आजचे कारवार खऱ्या अर्थाने जन्मले ते कापसामुळे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. धारवाडचा कापूस जवळच्या बंदरातून बाहेर काढावा, अशी मागणी गिरणीमालकांनी लंडनमध्ये लावून धरली. धारवाड मुंबई इलाख्यात आणि कारवार मद्रास इलाख्यात, त्यामुळे रस्ता कोणी करायचा हाच प्रश्न होता. अखेर १८६२ मध्ये उत्तर कानडा मद्रासकडून काढून मुंबईला जोडण्यात आला आणि कारवार जिल्ह्याचे ठाणे झाले. मँचेस्टरच्या कंपनीने कापूस दाबण्याची यंत्रेही पाठवली. ती किनाऱ्याला लागली तेव्हा धक्का तयार नव्हता, रस्ताही पुरा झालेला नव्हता. पुढे घाटरस्ता झाला, देवगडच्या बेटावर दीपगृह उभे राहिले, सरळ रस्त्यांचे नवे गाव आखले गेले. हुबळी-कारवार रेल्वेची आखणी मात्र कागदावरच राहिली. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत १८७८ मध्ये करार झाला आणि रेल्वे गेली मुरगावला. १८८८ च्या सुमारास ती कॅसलरॉकपर्यंत जोडली गेल्यावर घाटावरचा माल मुरगावच्या धक्क्यावर उतरू लागला आणि कारवारचे बंदर मागे पडले. बंदराचे नशीब समुद्रापेक्षा घाटावर अधिक ठरते, हे कारवारने तेव्हाच अनुभवले.

रेल्वे फिरण्याच्या थोडे आधी, १८८३ मध्ये, एक तरुण कवी इथे येऊन राहिला. रवींद्रनाथ ठाकूर यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. बावीस वर्षांच्या रवींद्रनाथांनी चांदण्या रात्री काळी नदीत होडीतून केलेल्या सफरीचे वर्णन पुढे आपल्या आठवणींत केले. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी इथेच लिहिले. शहराच्या पुळणीला आता त्यांचे नाव आहे.

याच पुळणीवर रापण ओढली जात असे. कारवारचे वैभव म्हणून काही सांगायचे तर ते या जाळ्याचे सांगावे. रापणीचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात जाई, अर्धवर्तुळ घेत जाळे सोडी आणि दुसरे टोक पुन्हा किनाऱ्याला आणी. मग दोन्ही दोरांवर पन्नास-साठ माणसे लागत. पाऊस संपल्यावर बांगड्याचा थवा काठाशी येई. पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी यांवरून तो ओळखणारा जाणता माणूस प्रत्येक रापणीत असे आणि त्याच्या शब्दावर होडी सुटे. मासळीची वाटणी ठरलेली होती. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. वाटेवरच्या कोणी दोराला हात लावला तर त्याच्याही हाती चार बांगडे पडत. हे एका माणसाचे जाळे नव्हते, अख्ख्या वाड्याचे होते. १९७०च्या दशकात यांत्रिक बोटी आणि पर्ससीन जाळी आली. बांगडा काठाला येण्याआधीच खोल पाण्यात घेरला जाऊ लागला आणि रापणी एकेक करून बंद पडल्या. बैतखोलला अजून वयस्क मच्छीमार जाळी विणताना आणि सांधताना दिसतात. त्यांची बोटे न बघता गाठ मारतात. धागा आता नायलॉनचा आहे, पण जाळ्याच्या डोळ्याचे माप ते अजून बोटांवर घेतात. हे ज्ञान कोणत्याही संग्रहालयात नाही, आणि ते नोंदवून ठेवायला फार वर्षे उरलेली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर हद्दीचे प्रश्न नव्याने आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत उत्तर कानडा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. कारवारच्या घरांत कोकणी, कचेरीत कन्नड, शाळेत आणि नाटकाच्या रंगमंचावर मराठी अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. या भागाने मराठी चित्रपटाला जयश्री गडकर दिल्या आणि सैन्याला चेंडिया गावचे परमवीरचक्र विजेते रामा राघोबा राणे दिले. महाराष्ट्राने बेळगाव, निपाणीबरोबर कारवारवरही हक्क सांगितला. या वादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला, त्यात कारवारचा दावा मान्य झाला नाही. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, तो स्वीकारावा असा आग्रह कर्नाटकाने धरला. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या प्रश्नाभोवती कारवारचा वाद फिरत राहिला. १९९२ मध्ये कोकणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तरी हद्दीचा प्रश्न सुटला नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

अंजदीवची हद्द तर आणखी चमत्कारिक. बेट कारवारच्या किनाऱ्यापासून जवळ, पण पोर्तुगीजांकडे असल्यामुळे ते गोव्याचा भाग ठरले आणि आजही त्याचा प्रशासकीय संबंध गोव्याशी आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर आणि मच्छीमारांवर गोळीबार झाला, एका मच्छीमाराचा जीव गेला. डिसेंबरमध्ये नौदलाने बेट घेतले, तेव्हा सात नौसैनिक धारातीर्थी पडले.

नौदल पुढे कायमचे इथे आले. ‘सीबर्ड’ प्रकल्पाची कोनशिला १९८६ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते बसवली गेली आणि ३१ मे २००५ रोजी ‘आयएनएस कदंब’ हा तळ कार्यान्वित झाला. त्यासाठी बिणगा, अरगा आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरची हजारो कुटुंबे उठली. त्यांतल्या अनेकांना मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. देशाच्या संरक्षणासाठी घर दिलेल्या माणसांवर ही पाळी यायला नको होती. मच्छीमारांना मोकळा उरलेला किनारा शहरापुरता आक्रसला. बैतखोलच्या व्यापारी बंदराचा विस्तार २०२० च्या सुरुवातीला पुळणीकडे सरकू लागला तेव्हा ते रस्त्यावर उतरले, याचे नवल वाटू नये.

व्यापारी बंदरावर आता डांबर आणि तेलासारखा माल उतरतो. लोहखनिजाची भरभराट २०१० च्या निर्यातबंदीने संपली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली आणि मुंबई-मंगळूर मार्गावर कारवारला शिरवाडचे स्थानक मिळाले. काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कोसळला. शेजारच्या नव्या पुलामुळे गोव्याचा रस्ता तुटला नाही. घाटावर जाणाऱ्या हुबळी-अंकोला रेल्वेचे काम मात्र सह्याद्रीच्या जंगलाच्या प्रश्नावर न्यायालयात आणि मंत्रालयांत अडकून पडले. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी ज्या वाटेचा आग्रह धरला, त्या वाटेने हुबळीहून कारवारला येणारा माल आजही ट्रकमध्ये भरून घाटरस्त्यानेच उतरतो.