दृष्टिहीन मुलांची सुट्टी : काळजी घ्या, परावलंबी करू नका

मे महिना लागला की पुण्यातल्या अंध शाळांची वसतिगृहे रिकामी होतात. कोरेगाव पार्कची मुलांची शाळा, कोथरूडची मुलींची शाळा, आळंदीची जागृती शाळा, सगळीकडची मुले आपापल्या गावी परततात. कुरकुंभसारख्या गावात असे मूल घरी आले की सगळ्यांनाच गहिवरून येते. आजी घास भरवते, आई आंघोळ घालते, ताई बोट सोडत नाही. शाळेत हेच मूल स्वतः जेवते, स्वतःचे कपडे धुते. दीड महिना सगळे हातात मिळाले तर वर्षभराची कमाई विसरायला वेळ लागत नाही.

लुई ब्रेलचे उदाहरण पाहा. खोगीर-लगाम शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या हत्याराने डोळ्याला जखम झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. वडिलांनी त्याला कोपऱ्यात बसवले नाही, काठी करून दिली. तो गावात फिरू लागला. पुढे १८२४ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली.

घरात काय कराल?

घागर, खाट, चपला यांची जागा ठरवून ठेवा. बदललीत तर मुलाला सांगा. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट दारावर कपाळ आपटते. ताट वाढताना "भाजी उजवीकडे, भाकरी समोर" असे सांगा. थोडे दिसत असेल तर पांढरा भात गडद रंगाच्या ताटात वाढा. उन्हात डोळे दिपत असतील तर पुढे झाप असलेली टोपी द्या. भांडी पुसणे, शेंगा सोलणे, पाणी भरणे ही कामे त्यालाही सांगा.

घराबाहेर

मुलाला ओढत नेऊ नका. त्याने तुमचा दंड कोपराच्या वर धरावा, तुम्ही अर्धे पाऊल पुढे चाला. पांढरी काठी सुट्टीतही हातात हवी. घरापासून दुकान, विहार, मामाचे घर अशी एकेक वाट आठवडाभर सोबत चालून पक्की करा. गिरणीचा आवाज, बेकरीचा वास या त्याच्या खुणा. पुणे-सोलापूर महामार्ग आणि एमआयडीसीचा रस्ता मात्र एकट्याने ओलांडू देऊ नका. उघडी विहीर कुठे आहे, ते आधी दाखवून ठेवा.

रोज अर्धा तास ब्रेल वाचू द्या; बोटांची सवय सुटली की वेग कमी होतो. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात त्याला ब्रेलमधून वाचायला उभे करा. गावाला "बिचारा" म्हणायची सवय आहे, ती अशानेच सुटेल.

औषध आणि कागदपत्रे

काचबिंदूचे थेंब एक दिवसही चुकवू नका. डोळा लाल होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या किंवा उरलेली नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर सुट्टीतच स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मूल अजून शाळेतच गेले नसेल, तर जूनची वाट पाहू नका.

आणि शाळेत परतताना पेटी मुलालाच भरू द्या. काय कुठे ठेवले, हे त्याच्या हातांना माहीत असले पाहिजे.