म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात मांजराचं पिल्लू

लेखमाला : सोबतीचे प्राणी – भाग 7

गेल्या आठवड्यात आपण उतारवयातल्या कुत्र्याच्या सांध्यांविषयी बोललो. आजचा विषय त्याला लागूनच आहे. पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, बंद पडलेल्या रिक्षाच्या सीटमागे मांजराची पिल्लं सापडायला लागतात. आईपासून चुकलेलं, भिजून चिंब झालेलं एखादं पिल्लू मुलं उचलून घरी आणतात. घरात दहा-बारा वर्षांचा कुत्रा पंख्याखाली झोपलेला असतो. पिल्लाला टॉवेलात गुंडाळेपर्यंत ते इथेच राहणार हे ठरून गेलेलं असतं आणि कुत्र्याचा विचार त्यात कुठेच झालेला नसतो. म्हणून आजचा भाग त्याच्या बाजूने.

बहुतेकांच्या मनात पहिल्या दिवसापासून एक चित्र असतं: कुत्र्याच्या पोटाशी झोपलेलं पिल्लू. काही घरांत तसं खरंच घडतं. पण ते उद्दिष्ट धरून चाललं की घाई होते आणि घाईचा भुर्दंड म्हाताऱ्यालाच पडतो. या वयात त्याला नवा मित्र मिळालाच पाहिजे असं नाही. झोप पुरेशी आणि निर्धास्त मिळावी, ताटलीत कोणी तोंड घालू नये आणि आपलं माणूस पूर्वीइतकंच आपल्या वाट्याला यावं, एवढं त्याला हवं असतं. हे सांभाळलं गेलं आणि दोघं एकमेकांकडे दुर्लक्ष करून एका खोलीत बसू लागली, तर ते पूर्ण यश मानावं. कुत्रा मरगळलाय म्हणून त्याला तरतरी यावी या हेतूने मांजर आणणं मला पटत नाही. मरगळ दुखण्याची असेल तर तिला औषध लागतं. पिल्लू आलं की तिच्यात भरच पडते.

तेल अवीव विद्यापीठातल्या नेटा-ली फॉयरस्टाइन आणि जोसेफ टर्केल यांनी कुत्रा आणि मांजर एकत्र राहतात अशा घरांचा अभ्यास करून 2008 मध्ये तो प्रसिद्ध केला. मांजर आधीपासून घरात असेल आणि कुत्रा नंतर आला, तर जुळणं सोपं जातं असं त्यांना दिसलं. वयाचाही फरक पडत होता: मांजर सहा महिन्यांच्या आतलं आणि कुत्रा वर्षाच्या आतला असताना गाठ पडली, तर संबंध चांगले राहण्याची शक्यता अधिक. आपल्या प्रसंगात क्रमही उलटा आहे आणि कुत्र्याचं वयही. जमेची बाजू एकच, पिल्लाचं लहान वय. मांजराची पिल्लं साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे जवळून अनुभवतात, ते त्यांना आयुष्यभर ओळखीचं वाटतं. त्या काळात शांत कुत्रा आसपास असलेलं पिल्लू पुढे कुत्र्याला फारसं बिचकत नाही. पार्किंगमधल्या पिल्लाने मात्र बहुधा आईला कुत्र्यांपासून पळतानाच पाहिलेलं असतं. तेव्हा भीती दोन्ही बाजूंना आहे, हे धरूनच सुरुवात करावी.

म्हाताऱ्याची भीती कुठून येते, हे नीट समजून घ्यायला हवं. तरुण कुत्र्याला पिल्लाचा त्रास झाला तर तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. ज्याचे मागचे पाय आखडलेत त्याला उठायलाच वेळ लागतो, गुळगुळीत फरशीवर तर आणखी. कान मंद झाले असतील तर पिल्लू जवळ आल्याचं कळत नाही. मोतीबिंदू असेल तर एक धूसर, वेगाने हलणारी वस्तू अचानक नाकासमोर उभी राहते. आणि पिल्लाला हलणारी शेपूट दिसली की ते तिच्यावर झडप घालणारच. निजलेल्या, कंबर दुखणाऱ्या प्राण्यावर असा हल्ला झाला की तो दचकून तोंड मारतो. त्यात दुष्टपणा नसतो. जिथून निघून जाता येत नाही, तिथे त्याच्याकडे उरलेलं साधन म्हणजे गुरगुरणं.

या गुरगुरण्यावर त्याला रागावू नका. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपण ‘ए, गप! लहान आहे ते!’ म्हणून त्याला दटावतो, प्रसंगी चापट मारतो. दोन-चारदा असं झालं की तो गुरगुरायचं सोडतो, पण अस्वस्थता आत तशीच राहते. मग एक दिवस काही इशारा न देता तो चावतो आणि घरचे म्हणतात, ‘कधी नव्हे ते असं कसं केलं?’ जेमतेम किलोभराच्या पिल्लाला तीस किलोच्या लॅब्राडोरचा एक चावा जीवघेणा ठरू शकतो. गुरगुरला की पिल्लाला शांतपणे उचलून बाजूला न्यावं. आपलं म्हणणं ऐकलं जातं हे कळलं की त्याला आवाज चढवायची गरज कमी पडत जाते.

पहिले दोन आठवडे पिल्लाची खोली वेगळी असावी. घर लहान असेल तर बाल्कनीलगतचा कोपरा आडोसा करून द्यावा किंवा मोठा पिंजरा घेऊन त्यावर चादर टाकावी. मात्र बाल्कनीला जाळी हवीच. हा वेळ एकमेकांची सवय होण्यासाठी असतो आणि आरोग्यासाठीही. रस्त्यावरच्या पिल्लाच्या पोटात जंत असतात, अंगावर पिसवा असतात, कधी गजकर्णाची बुरशी असते. ही बुरशी कुत्र्याला लागते, माणसालाही लागते. डॉक्टरांनी पिल्लाला तपासून जंताचं औषध आणि लसींचं वेळापत्रक ठरवून द्यावं आणि कुत्र्याच्या लसी अद्ययावत आहेत ना, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावं.

या काळात दोघांची ओळख होते ती वासाने. पिल्लू ज्या फडक्यावर झोपतं ते कुत्र्याच्या जागेपासून थोडं दूर ठेवावं. त्याच्या नाकाखाली धरू नये, त्याचा तो हुंगून येईल. त्याचंही एक फडकं पिल्लाकडे जाऊ द्यावं. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांचं जेवण ठेवावं. सुरुवातीला दारापासून बरंच लांब, मग रोज थोडं जवळ. कुत्र्याच्या मनात त्या वासाशी जेवण जोडलं गेलं की निम्मं काम झालं. त्याने जेवण अर्धवट टाकलं, तर ताटली पुन्हा मागे न्यावी.

समोरासमोर गाठ घालायची ती कुत्रा फिरून, जेवून निवांत झाल्यावर. त्याला दोरी लावलेली असावी, पण ती सैल. ओढून धरलेल्या दोरीने त्याच्या अंगातला ताण वाढतो. पिल्लाला हातात धरून त्याच्या तोंडाजवळ नेण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, ती सोडून द्यावी. घाबरलेलं पिल्लू हातातून सुटताना ओरबाडतं, पहिला ओरखडा कुत्र्याच्या नाकावर बसतो आणि पुढचे कित्येक दिवस वाया जातात. दारात आडवी फळी किंवा लहान मुलांसाठी असतं तसं फाटक लावावं, पिल्लाला उंचावर चढायला स्टूल नाहीतर कपाटाची फळी मोकळी ठेवावी आणि काही मिनिटांतच भेट संपवावी. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांचा या विषयावरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रा आणि मांजर यांचं नातं कसं राहील यावर मांजराच्या निर्धास्तपणाचा प्रभाव अधिक पडतो, असं त्यात दिसलं. म्हणून पिल्लाची सुटकेची वाट कधीच अडवू नये.

या भेटींत कुत्र्याकडे बारकाईने पाहावं. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, मान फिरवणं, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणं, या सगळ्याचा अर्थ ‘मला हे नको आहे’ असा. इथवर घाबरण्यासारखं काही नाही. अंतर वाढवलं की पुरे. अंग ताठ करून, तोंड मिटून, नजर न हलवता पिल्लावर रोखलेला शांत कुत्रा मात्र वेगळा. हाक मारली तरी वळत नाही, आवडता खाऊ नाकाशी नेला तरी हुंगत नाही, अशा वेळी तो समोर शिकार पाहत असतो. सांगली, सातारा, सोलापूर भागात पाळली जाणारी कारवानी किंवा मुधोळ कुत्री पिढ्यान्‌पिढ्या ससे धरण्यासाठी जोपासली गेली. पळणारा छोटा प्राणी दिसला की पाठलाग करणं त्यांच्या रक्तात आहे आणि म्हातारपणाने ते नाहीसं होत नाही. तुमच्या कुत्र्याने पूर्वी मांजर मारलं असेल, तर पिल्लासाठी दुसरं घर शोधणंच दोघांच्या हिताचं.

दोघांचे हावभावही जुळत नाहीत. कुत्रा शेपूट सैल हलवतो तेव्हा तो बहुधा खुशीत असतो, मांजर शेपूट आपटतं तेव्हा ते वैतागलेलं असतं. खेळायला बोलावताना कुत्रा एक पंजा उचलतो. मांजराचा उचललेला पंजा फटका मारायच्या तयारीत असतो. तेल अवीवच्या अभ्यासात दिसलेली एक गोष्ट मला फार आश्वासक वाटते: एकत्र राहणाऱ्या बऱ्याच जोड्या परस्परांची ही भाषा शिकतात. मांजरं नाकाला नाक लावून भेटतात, आणि काही कुत्रीही आपल्या घरातल्या मांजराला तसंच भेटायला लागली होती. अर्थात त्यासाठी वेळ लागतो, आणि म्हाताऱ्याला थोडा जास्तच.

रोजच्या दिनक्रमात सगळ्यात आधी त्याची झोप जपावी. पिल्लाला पोहोचता येणार नाही अशी एक जागा फक्त त्याची असावी. मांजराची पिल्लं पहाटे आणि तिन्हीसांजेला उधळतात, तेव्हा रात्री झोपण्यापूर्वी दोरीला बांधलेल्या चिंधीमागे पिल्लाला दमेस्तोवर पळवावं, खाऊ घालावं आणि त्याच्या खोलीत बंद करावं. कुत्र्याच्या फिरण्याची वेळ पिल्लापायी पुढेमागे करू नये. नजर अधू झालेल्या कुत्र्यासाठी पिल्लाच्या गळ्यात घुंगरू बांधता येतं, मात्र पट्टा ओढला की आपोआप सुटणारा हवा. आणि दोघांना एकटं सोडून दूध आणायलासुद्धा जाऊ नये, निदान पिल्लू मोठं आणि चपळ होईपर्यंत तरी.

पिल्लाचं खाणं उंचावर ठेवा. कुत्र्याला ते फार आवडतं, पण त्यातल्या चरबीने म्हाताऱ्याचं पोट बिघडतं, वजनही वाढतं आणि तो भार पुन्हा सांध्यांवर येतो. उलट पिल्लू कुत्र्याच्या अन्नावर वाढू शकत नाही. मांजराला टॉरिन हा घटक आहारातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. दूध-पोळीवर मांजर पोसायची आपली जुनी रीत पिल्लाला कमजोर करते.

आता औषधांचं, कारण म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात ती असतातच. गोचिडांवर कुत्र्याच्या मानेवर घालायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. कुत्र्याच्या मानेला बिलगून झोपलेलं किंवा त्याचे केस चाटलेलं पिल्लू थरथरू लागतं, झटके येतात, जीवही जातो. पिल्लू घरात आल्याचं डॉक्टरांना सांगून पर्मेथ्रिन नसलेलं औषध मागून घ्या. सांधेदुखीच्या चघळायच्या गोळ्या चवदार असतात, त्या कपाटात बंद ठेवा. आणि माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे. ताप आला म्हणून तिचा तुकडासुद्धा देऊ नये.

किती दिवसांत जमेल, असं विचाराल तर काही घरांत तीन आठवडे, काहींत सहा महिने. या काळात कुत्र्याने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, घरात लघवी करू लागला किंवा पलंगाखालून बाहेर यायचं नाव घेईना, तर सगळं थांबवून दोघांना पुन्हा वेगळं करा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. त्याला पिल्लाचा राग आलाय असं वाटत असतं आणि निघतं दाताचं किंवा कंबरेचं दुखणं. ज्याची रात्र-दिवसाची उलटापालट झालीय, जो ओळखीच्या घरात कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, त्याच्या मेंदूवर वयाचा परिणाम झालेला असू शकतो. अशा कुत्र्याला पिल्लाशी जुळवून घ्यायला लावू नये. त्याच्या हयातीत दोघांच्या खोल्या वेगळ्या ठेवल्या तरी काही बिघडत नाही. पिल्लाला घरात दुसरी माणसं आहेत.

(पुढील भागात : पावसाळ्यातल्या गोचिडी आणि गोचीडताप)