नवेगावबांध : जलाशयाकाठचा शिबिरवास

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हा सुमारे ११ चौरस किलोमीटर विस्ताराचा जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. सभोवतीच्या सात शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. बांधाच्या कामी त्यांनी साहाय्य केले अशी लोकश्रद्धा आहे. कोलू पाटलांनाही कोलासुर या नावाने देवत्व लाभले. धरण बांधणाऱ्याची पूजा होते, असे भाग्य आजच्या अभियंत्यांच्या वाट्यास क्वचितच येते!

या परिसरातील १३३.८८ चौरस किलोमीटर वनक्षेत्रास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. पर्यटकांसाठी येथे विश्रामगृहे, बगीचे व निरीक्षण मनोरे उभारण्यात आले. तथापि तलाव मुळात धानशेतीसाठी बांधलेला आहे, याचा विसर पडता कामा नये. पाहुण्यांच्या सोयी आखताना शेतकऱ्याचे पाणी प्रथम, पक्ष्यांचा निवारा त्यानंतर आणि पर्यटकाची हौस शेवटी, हाच क्रम योग्य होय.

हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्षी उतरतात. पट्टकदंब हंस व अनेक जातींची बदके रात्री शेतात, पाणथळीत चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. आपणांस ती निवांत तरंगताना दिसतात, तीच त्यांची विश्रांतीची वेळ. अशा वेळी नाव जवळ नेल्यास थवा उठतो आणि लांबच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती व्यर्थ खर्च होते. म्हणून पक्षीनिरीक्षण काठावरून, दुर्बिणीतून करणेच इष्ट. ध्वनिक्षेपक व प्रखर दिवे तर शिबिरात नकोतच.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये उद्यानात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही, आग लावणे हा गुन्हा आहे आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पूर्वमान्यतेविना व्यापारी निवासगृहे बांधता येत नाहीत. त्यामुळे शाळेच्या शिबिराच्या राहुट्या कोठे ठोकावयाच्या, हे शिक्षकांनी वनाधिकाऱ्यांकडून आधी लेखी ठरवून घ्यावे. शेकोटीचा मोह अनेकांना आवरत नाही. पण वाळलेल्या पानांच्या थरात एक ठिणगीही पुरते, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ तर वणव्याचाच मानला जातो. स्वयंपाक स्टोव्हवर करावा. सरपण म्हणून पडलेली लाकडेही उचलू नयेत. कुजणारे खोड कित्येक कीटकांचे व पक्ष्यांचे घर असते.

राहुटी मातीच्या बांधावर कधीही ठोकू नये. मेखांची भोके व पावसाच्या पाण्यासाठी खणलेले चर यांतून पाळ कमकुवत होते. शौचकूप व सांडपाण्याचे शोषखड्डे काठापासून दूर असावेत, आणि भांडी तलावात मुळीच घासू नयेत. लगतच्या गावांतील ढीवर कुटुंबे अशाच तलावांतील मासळीवर जगतात. शिबिराचे धान्य, भाजीपाला व मासळी त्यांच्याकडून आणि स्थानिक बाजारातूनच घेतल्यास पर्यटनाचा पैसा गावात राहतो. ग्रामपंचायतीने शिबिर-प्रमुखांशी तसे आधीच बोलून ठेवावे.

गोंदिया-बल्लारशाह लोहमार्गावरील देवलगाव हे नजीकचे रेल्वे स्थानक. पावसाळ्यात उद्यानातील पर्यटन बंद असते. पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. मात्र पाण्याकाठी दहिवर दाट पडते, तेव्हा विद्यार्थ्यांच्या पथारीखाली गवताचा थर आणि अंगावर जाड पांघरूण असावेच.