आरीच्या गल्लीतली खानावळ : पहाटे 4 ते रात्री 9

बँकॉकच्या आरी स्थानकाभोवती सरकारी कचेऱ्या आहेत आणि तिथल्या नोकरदारांना परवडतील अशा खानावळी गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्याच एकीचा हा दिवस. परदेशात स्वस्तात खायचं म्हणजे जिभेशी तडजोड, असं मानणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

पहाटे 4. मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, ख्लोंग तोयच्या बाजारात असतात. ताज्या मालाचा हा प्रचंड बाजार रात्रभर जागा असतो. नारळाचं ताजं दूध, तयार वाटणं, गवती चहा, कुलंजन, कप्रावच्या जुड्या. कप्राव ही आपलीच तुळस. आपण तिला वृंदावनात लावून पाणी घालतो. इथे ती रोज कढईत पडते.

सकाळी 6. भिक्षू अनवाणी भिक्षेला निघालेले असतात. शेजारचे लोक मावशींकडून भाताच्या आणि कालवणाच्या, रबराने तोंड बांधलेल्या पिशव्या विकत घेतात आणि भिक्षापात्रात ठेवतात. दिवसाची पहिली विक्री दानासाठी होते, हे मला फार आवडलं.

7 वाजता पाट्या मांडल्या जातात. नारळाच्या दुधातलं हिरवं कालवण, गोडसर मसालेदार रश्श्यात शिजलेली अंडी, खिमा भरलेल्या कारल्याचा पातळ रस्सा. भाषा येत नसली तरी अडत नाही. बोट दाखवायचं, मावशी ते भातावर वाढतात. याला खाव केंग म्हणतात. बँकॉकमधल्या भाड्याच्या कित्येक खोल्यांत धड स्वयंपाकघर नसतं, त्यामुळे अशी खानावळ हेच अनेकांचं स्वयंपाकघर. 8 वाजता स्थानकात राष्ट्रगीत लागतं, धावपळीतले लोक जागीच उभे राहतात आणि ते संपताच गर्दी पुन्हा सुटते.

साडेअकरा ते एक ही खरी धामधूम. अनोळखी माणसं एकाच टेबलावर बसतात. टेबलावर चार वाट्या : साखर, सुक्या मिरचीची भरड, व्हिनेगरमधल्या मिरच्या, नाम प्ला म्हणजे माशांचं खारट पाणी. आपल्या ताटाची चव आपणच जुळवायची. घास उजव्या हातातल्या चमच्याने घ्यायचा, डाव्या हातातल्या काट्याने भात फक्त चमच्यावर ढकलायचा. भाताचं ताट साधारण 50 ते 70 बातला, म्हणजे दीड-दोनशे रुपयांच्या आसपास.

दुपारी 2 नंतर खाव केंगला जाऊ नये. पाट्या तळाला गेलेल्या असतात आणि उरलेलं कालवण निवलेलं असतं. प्रवासी नेमके तेव्हा पोचतात आणि थाई जेवणाबद्दल मत बनवून परततात.

संध्याकाळी 5 ला पाट्या हटतात, कढई चढते. आता मागाल ते समोर करून मिळतं आणि बहुतेक जण फट कप्राव मागतात. लसूण-मिरची खलबत्त्यात ओबडधोबड ठेचायची, तापलेल्या तेलात टाकायची. तो ठसका सगळ्या गल्लीला लागतो. मग डुकराचा किंवा कोंबडीचा खिमा, नाम प्ला, चिमूटभर साखर आणि अगदी शेवटी मूठभर पानं. पानं आधी पडली तर वास उडून जातो. त्यात फरसबी-कांदा घालणारेही आहेत. माझ्या मते तो नुसता भर. भातावर भरपूर तेलात तळलेलं, कडा कुरकुरीत झालेलं अंडं हवंच. सगळं मिळून काही मिनिटांचं काम, पण क्षणभर नजर हटली की लसूण करपते.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. भाजीतही नाम प्ला किंवा कालव्यांचा सॉस पडतो, आणि कालवणाच्या वाटणात बहुधा बारीक कोळंबी आंबवून केलेली कपी असते. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘जे’ म्हणावं. त्यात मासे, अंडी, दूध सगळंच वर्ज्य, शिवाय कांदा-लसूणही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ते लिहिलेलं दुकान दिसलं तर निर्धास्त बसावं.

रात्री 9 ला कढई धुऊन पालथी पडते.

बँकॉकला गेलात तर एक दिवस हॉटेलातला नाश्ता सोडा. सकाळी 10 च्या आत अशा पाट्यांसमोर उभे राहा, आणि संध्याकाळी कढईसाठी पुन्हा या. तिखट झेपत नसेल तर आधीच ‘फेट नोई’ म्हणा; तरीही ते तिखट लागेल, तेव्हा पाणी जवळ ठेवा.