घर घेताना : लेखांक ६ – परवानगी कितव्या मजल्यापर्यंत?

चटई क्षेत्राचा हिशेब मागच्या आठवड्यात झाला. या आठवड्यात त्या क्षेत्राखालच्या मजल्यांकडे वळू.

नव्या प्रकल्पाच्या साइट ऑफिसात आपल्याला हौसेने सगळे दाखवतात. सॅम्पल फ्लॅट, काचेच्या पेटीतले मॉडेल, ड्रोनने टिपलेला अठराव्या मजल्यावरचा सूर्यास्त. अठरावा मजला अजून बांधलेला नसतो. त्यात गैर काही नाही. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घ्यायचे तर हे आलेच. पण तो मजला बांधायची परवानगी तरी हातात आहे का? विक्री प्रतिनिधीला सरळ विचारावे, ‘सीसी कितव्या मजल्यापर्यंतची आहे?’ याचे उत्तर म्हणजे एक आकडा. ‘रेरा नंबर आहे सर, सगळ्या बँका लोन देतात’ हे त्याचे उत्तर नव्हे.

सीसी म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. मुंबईत ते बहुधा एका दमात मिळत नाही. आधी नकाशांना आयओडी, म्हणजे अटींसह मंजुरी, मग जोत्यापर्यंतची सीसी, जोते तपासून झाले की पुढच्या मजल्यांची. मधल्या काळात विकासक टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, विकत घेतो, प्रीमियम भरतो, अग्निशमन दलाचे आणि गरज असेल तिथे विमानतळाचे ना हरकत प्रमाणपत्र मिळवतो. जसजशी ही कामे होतात, तसतशी सीसी वर सरकते. पैसे अडकले किंवा उंचीला हरकत आली की ती आहे तिथे थांबते. नकाशात बावीस मजले आणि सीसी नवव्यापर्यंत, ही अवस्था बेकायदा नाही. मात्र अठराव्यावर बुकिंग करणाऱ्याने आपण काय घेतो आहोत ते ओळखावे. नऊ मजल्यांची परवानगी आहे, पुढच्या नऊंची आशा आहे. आणि या आशेचा भाव कमी नसतो. उलट ‘फ्लोअर राइज’ म्हणून दर चौरस फुटामागे चार पैसे जास्तच लावतात.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या गृहप्रकल्पांत गोष्ट थोडी वेगळी. तिथे मजल्यांपेक्षा टप्प्यांचा घोळ अधिक. एकाच कमानीतून आत शिरल्यावर चार-पाच टप्पे असतात आणि बहुतेक वेळा प्रत्येकाचा रेरा नंबर वेगळा. मॉडेलमधला पोहण्याचा तलाव, क्लब हाउस आणि बाग नेमक्या कोणत्या टप्प्यात आहेत, हे तपासले की अनेकदा कळते की ती शेवटच्या टप्प्यात आहेत. म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या मंडळींनी तोवर शेजारच्या खोदकामाची धूळ खायची. अशा ठिकाणी आधीच्या टप्प्यात राहायला आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठावे आणि महिन्याला टँकरवर किती खर्च होतो ते विचारावे. ही माहिती कुठल्याही ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

आता महारेराचे संकेतस्थळ. रेरा कायदा २०१६ चा. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. भूखंड पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असल्या की नोंदणी सक्तीची. नोंदणी होण्याआधी जाहिरात करता येत नाही, बुकिंगही घेता येत नाही. तरीही ‘प्री-लाँच रेट’ किंवा ‘ईओआय’ या गोड नावाखाली चेक मागितले जातात. ते देऊ नयेत, एवढेच त्याबद्दल पुरे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापावा लागतो, त्यामुळे प्रकल्पाचे पान उघडणे अगदी सोपे झाले आहे. बहुतेक जण ते उघडतात, हिरव्या खुणा बघतात आणि बंद करतात.

खरे वाचायचे असते ते त्याच्या पुढे. मंजूर मजले किती, मंजूर एफएसआय किती आणि ‘प्रस्तावित पण अद्याप मंजूर नाही’ यात काय टाकले आहे, हे रकाने शोधा. प्रस्तावित आणि मंजूर यांत मोठा फरक दिसला, तर तुमच्या डोक्यावर आणखी मजले किंवा तुमच्या खिडकीसमोर आणखी एक इमारत उभी राहण्याची तयारी आधीच झाली आहे, असे समजा. मग अपलोड केलेली सीसी उघडा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. मजल्यांचा उल्लेख पुष्कळदा मागच्या पानावरच्या शेऱ्यात असतो. वास्तुविशारद, अभियंता आणि सीए यांचे दाखलेही तिथेच असावे लागतात. खरेदीदारांचे सत्तर टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवून कामाच्या प्रमाणातच काढायचे असतात, आणि ते प्रमाण ठरते या तिघांच्या सहीने.

एवढे सगळे असूनही रेरा नंबर म्हणजे परवानगीची हमी नाही. कल्याण-डोंबिवलीच्या पासष्ट इमारतींनी हे फार महाग शिकवले. महापालिकेच्या नावाच्या बनावट परवानग्या जोडून या प्रकल्पांनी रेरा नोंदणी मिळवली. लोकांनी नंबर पाहिला, दस्त नोंदवले, कर्जे काढली, संसार मांडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्यांनी काय तपासायला हवे होते, असे तावातावाने विचारणारे मला भेटले आहेत. माझ्या मते हा प्रश्न आधी यंत्रणेला विचारायला हवा. पण घर घेणाऱ्याला यंत्रणा सुधारेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून कागदाची खातरजमा तो जिथून निघाला तिथेच करावी, म्हणजे महापालिकेत. दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधक इमारतीच्या परवानगीची हमी देत नाही. बँक बघते ती स्वतःच्या कर्जापुरती.

जुने उदाहरण वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचे. परवानगी पाच मजल्यांची, आणि ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या इमारतींतली एक थेट वीस मजली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या कारवाईवर शिक्कामोर्तब केले. पुढच्या वर्षी जूनमध्ये वरच्या मजल्यांचे वीज, पाणी, गॅस तोडायला पालिकेची माणसे आली. त्या घरांत तोवर एक पिढी वाढली होती.

वाढीव मजल्यांची दुसरी बाजू कायद्यात आहे. रेराच्या कलम १४ प्रमाणे मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. विकासकाचे वकील यावर तोडगा म्हणून करारनाम्यात ‘भविष्यातील सर्व बदलांस खरेदीदाराची आगाऊ संमती आहे’ अशा अर्थाचे वाक्य घालतात. ते काढायला सांगा. काढत नसतील, तर निदान कोणते बदल, कोणत्या इमारतीत, किती मजले, हे नावानिशी लिहून मागा. मोघम आगाऊ संमती कोर्टात टिकते की नाही, हा वाद वकिलांना लढू द्या. तुम्ही सही करण्याआधीच तो मिटवलेला स्वस्त पडतो.

आता टोकनचे. करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार पंधरा दिवसांत बुकिंग रद्द केले तर काही कापता येत नाही. त्यानंतर कपात टप्प्याटप्प्याने वाढते, पण साठ दिवस उलटल्यावरही ती दोन टक्क्यांपर्यंतच. ‘टोकन परत मिळणार नाही’ असा शिक्का पावतीवर असेल, तर वाटपपत्र नमुन्याप्रमाणे आहे का ते आधी पाहा.

महापालिकेकडून सीसीची प्रत मिळवायला माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, प्रकल्पाचा सर्व्हे नंबर आणि सीसीचा क्रमांक लिहायचा. उत्तराची मुदत तीस दिवसांची, आणि फुकट माघार घ्यायची मुदत पंधरा. त्यामुळे प्रकल्प मनात भरला की चेकबुक उघडण्याआधी हा अर्ज टाकावा. तोवर ‘ही ऑफर फक्त रविवारपर्यंत’ असे फोन येतील. अशा ऑफरी पुढच्या रविवारीही असतात.

पुढच्या लेखांकात भोगवटा प्रमाणपत्र, आणि ते नसताना चावी घ्यावी की नाही हा प्रश्न.